चौघांचं बुकिंग

१

त्या फार्मवरचं जेवण मीच बुक केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी बाबांना किंवा ताईला बोल लावायला नको.

सुट्टीचा चौथा दिवस होता. आम्ही गावाबाहेर एक छोटं घर आठवडाभरासाठी भाड्याने घेतलं होतं. सकाळी मी ताईसाठी टोस्ट करायचे, त्याचे आठ तुकडे करायचे आणि समोर बसून मोजायचे. ती दोन खायची, बाकीचे रुमालाखाली सरकवायची आणि वर म्हणायची, "बघ, संपलं." मी फोनमध्ये नोंद करायचे. दोन तुकडे, अर्धा कप दूध. आई जाऊन सात महिने झाले होते आणि ताईचं वजन एकोणचाळीसवर आलं होतं. निघायच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, "सोमवारपर्यंत नीट खायला लागली तर ठीक, नाहीतर भरती करायचं आणि नळीने द्यायचं. आता वाट बघण्यात अर्थ नाही."

आज शुक्रवार होता.

किराणा दुकानाच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. "आमच्या जमिनीतलं, आमच्याच टेबलावर. संध्याकाळी साडेसहा. आधी कळवून या." बाबा आणि मी आत अंडी घेत होतो. बाहेर आलो तर ताई त्या कागदासमोर उभी.

"इथे जाऊ या?" ती म्हणाली.

सात महिन्यांत ती पहिल्यांदा खाण्याबद्दल आपणहून काही बोलली होती. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मोठ्याने श्वास घेतला तर तिचा विचार बदलेल. मी तिथेच फुटपाथवर उभी राहून फोनवर फॉर्म भरला. तारीख, वेळ, माणसं. घाईघाईत. पाठवून दिला.

२

डांबरी रस्ता संपला, मग खडीचा रस्ता, मग नुसत्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. शेवटी एक लांबट दगडी घर होतं. अजून लख्ख ऊन होतं. समोर भाज्यांचे वाफे इतके सरळ, की मला उगीच शाळेची वही आठवली. एक गृहस्थ ढकलगाडीतून पालेभाज्या नेत होते. त्यांनी मान हलवली आणि गाडी पुढे ढकलली.

मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. उंच, गुडघ्यापर्यंत बूट, एप्रनला पुसलेले हात.

"या, या. म्हणजे आता सगळे आले!"

"आम्ही तिघं," बाबा म्हणाले.

"हो ना. तुम्ही तिघं, आणि एक आत. चौघांचं बुकिंग आहे तुमचं."

मी फोन काढला. चार. माणसांच्या चौकटीत मी चार लिहिलं होतं. माझा चेहरा तापला. आमच्या घरात हे अजून होतं. बाबा सकाळी चार कप काढतात आणि एक परत ठेवतात. मी तिकिटं काढते तेव्हा अंगठा आपोआप चारवर जातो. पण ताईसमोर असं व्हायला नको होतं.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "आम्ही तिघंच आहोत."

"चूक कशी असेल? तुमच्या चौथ्या मघाशीच आल्या." त्या हसत होत्या. "बसा म्हटलं तर ऐकतात कुठे! सरळ आत गेल्या, हात धुतले, आणि मलाच विचारतात, काय चिरायचंय? मी म्हटलं, अहो, पाहुण्या ना तुम्ही? तर म्हणतात, बसून काय करू."

कुणीच हसलं नाही. कुणाच्याही घरी गेलं, लग्नाला गेलं, अगदी नव्या व्याह्यांकडे गेलं तरी आई पाच मिनिटांत स्वयंपाकघरात असायची. "बसून काय करू" हे तिचंच वाक्य होतं. पण ते निम्म्या जगातल्या बायकांचंही असतं. मी मनाला तेच सांगितलं. दुसरी कुणी एकटी पाहुणी आली असणार, आणि या बाईंनी तिला आमच्यात घातलं असणार. इतकं सोपं होतं ते.

"कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"आता ते तुम्हालाच ठाऊक," मालकीणबाई म्हणाल्या, आणि आत वळल्या.

ताई त्यांच्या मागे निघालीसुद्धा होती. घरी बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरणारी माझी बहीण तीन पायऱ्या न थांबता चढली.

३

खोली लांब आणि थंड होती. एकच टेबल, चार खुर्च्या, चार ताटल्या. पश्चिमेच्या खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं. समोरच्या भिंतीत दोन गोष्टी होत्या. एक बंद दार, आणि त्याच्या शेजारी पदार्थ पुढे सरकवायची चौकोनी खिडकी, कमरेच्या उंचीला. खिडकीतून ओट्याची कड तेवढी दिसत होती.

आतून सुरीचा आवाज येत होता.

टक टक टक. थांबा. मग पाटाच्या कडेवर सुरी दोनदा निपटायची, खर्र खर्र. पुन्हा टक टक टक.

आवाजाला माणूस नसतो, मी मनात म्हणाले. सुरी सगळीकडे अशीच वाजते. मी मुळात घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, ताई मला लहानपणापासून भागूबाई म्हणते. मी पाणी ओतलं, अर्धं टेबलावर सांडलं.

"काय गं भागूबाई," ताई म्हणाली, "कोण खातंय तुला?"

सात महिन्यांत तिने थट्टाही केली नव्हती. मला रडू यायला लागलं, म्हणून मी टेबल पुसत बसले.

तेवढ्यात आत एक भाजी चिरून संपली असावी. सुरी ठेवल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग, अगदी हलकं, समाधानाचं,

"हं."

बाबांच्या हातातला रुमाल खाली पडला. एक भाजी संपली की आई अशी "हं" करायची. त्यासाठी आम्ही तिला चिडवायचो. भाजीला शाबासकी देतेस का, असं बाबाच म्हणायचे.

मालकीणबाई टेबलाशी ब्रेड ठेवत होत्या. बाहेर खिडकीतून मघाचे ते ढकलगाडीवाले गृहस्थ वाफ्यात वाकलेले दिसत होते. म्हणजे आत तिसरंच कुणीतरी होतं. ते तर त्यांनी आधीच सांगितलं होतं. मग मला इतकी थंडी का वाजत होती?

४

पहिल्या तीन ताटल्या खिडकीतून आल्या. भाजलेले बटाटे, गाजर, मटार, वर कोवळा पाला. बाहेरच्याच वाफ्यातलं सगळं. मालकीणबाईंनी आमच्या रिकाम्या ताटल्या उचलून त्यांच्या जागी एकेक ठेवली. कुठली कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही.

ताईच्या ताटलीत कांद्याची पात नव्हती; तिला ती लहानपणापासून आवडत नाही. बाबांच्या आणि माझ्या होती. बाबांच्या बटाट्यांवर मीठ नव्हतं. त्यांना रक्तदाब आहे, म्हणून आई त्यांचं वेगळं काढायची. माझ्या ताटलीत तव्याला लागलेले, करपट कडांचे तुकडे होते. आमच्या घरी ते माझे असतात. त्यावरून लहानपणी मी ताईशी मारामाऱ्या केल्या आहेत.

मी टेबलाखाली फोन धरून फॉर्म पुन्हा वाचला. पथ्यपाण्याची चौकट रिकामी होती. मी काहीच लिहिलं नव्हतं.

"बाबा," मी हळूच म्हणाले, "निघू या."

ते ताईकडे बघत होते.

ताई जेवत होती. काटा भरून घास घेत होती, चावत होती, गिळत होती. मी सवयीने मोजायला लागले आणि बाराव्या घासाला मोजणं सोडून दिलं. तिच्या गालावर रंग आला होता. हनुवटीला तूप लागलं होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं. हे बघायला मी सात महिने काय काय केलं होतं! हातापाया पडले होते, ओरडले होते, गोष्टी सांगितल्या होत्या. आणि आता ती जेवत होती, आणि मला तिच्या हातातला काटा काढून घ्यावासा वाटत होता.

"अजून आहे?" ताईने विचारलं.

"भरपूर आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "त्या तुमचीच वाट बघत होत्या म्हणे."

५

दुसऱ्यांदा ताई स्वतः उठली. रिकामी ताटली घेऊन खिडकीशी गेली.

मी तिच्या मागे जायला हवं होतं. गेले नाही. बसल्या जागेवरून मला खिडकीत एक हात आलेला दिसला. मनगटापर्यंत ओला. बोटं ओली असली की आई ताटली बोटांच्या पाठीने सरकवायची, तशीच ती सरकवली गेली. नखांत माती होती. गाजरं उपटली की माती जातेच नखांत. पण ही नखांच्या मुळापर्यंत गच्च भरलेली होती, खालून वर. एका बोटावर अंगठीचा पांढरा वळ होता.

आईची अंगठी आम्ही शेवटच्या दिवशी साबण लावून काढली होती. ती आता ताईच्या अंगठ्यात असते. तिच्या दुसऱ्या कुठल्या बोटात ती राहत नाही.

ताईने रिकामी ताटली ठेवली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. किती वेळ, सांगता येत नाही. मग ती भरलेली ताटली घेऊन परत आली. तिच्या मनगटावर मातीचे चार ओरखडे होते.

"किती गार हात पडलेत तिचे," ती म्हणाली, आणि खायला बसली.

बाबा म्हणाले, "बाळा."

"मी आज इथेच राहते, बाबा. तुम्ही दोघं जा." मग मालकीणबाईंकडे वळून, "इथे राहायची सोय आहे ना?"

"एका माणसाची आहे. मागची खोली." मालकीणबाई ब्रेड कापत होत्या, आणि इतकं साधं बोलत होत्या, की त्यात मला काहीच पकडता येईना. "मघाशीच त्यांनी गादी घालून ठेवली."

"त्या... त्या बाहेर येणार नाहीत का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"येतील ना. त्यांची ताटली मांडलीय की. पण तुमचं सगळ्यांचं झाल्याशिवाय बसणार नाहीत म्हणाल्या. तशी सवय आहे म्हणे त्यांना."

६

होती. आई आमच्याबरोबर कधी जेवली नाही. "तुमचं होऊ दे, मग मी बसते." ते ऐकून ऐकून आम्ही तिला बोलवायचंही सोडलं होतं. मात्र आमचं झालं, की ती लगेच यायची. शेवटची ताटली खाली ठेवल्याचा आवाज तिला स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

ताईलाही हे कळलं होतं. म्हणून तर ती इतक्या भराभर खात होती.

मी बाबांकडे पाहिलं. आमचे बाबा हळू समजणारे गृहस्थ, विनोदसुद्धा त्यांना दुसऱ्या दिवशी कळतो. पण त्यांनी ताटली पुढे केली आणि मोठ्याने म्हणाले, "मला जरा अजून वाढा हो. सावकाश. घाई नाही."

मालकीणबाईंनी वाढलं. बाबा एकेक मटार उचलून खायला लागले. कपाळावर घाम होता. ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं. आत सुरी चालूच होती. आता चिरायला काय उरलं होतं, कुणास ठाऊक.

ताईने शेवटचा बटाटा खाल्ला. ब्रेडने ताटली पुसून घेतली. काटा ठेवला.

"झालं माझं," ती दाराकडे बघत म्हणाली. तशी तृप्त ती मला आयुष्यात कधी दिसली नव्हती.

आत सुरी थांबली. "हं." मग नळ सोडल्याचा आवाज, हात धुतल्याचा, नळ बंद केल्याचा. मग काहीच नाही. दाराच्या खालच्या फटीत सावली येऊन उभी राहिली.

बाबांच्या ताटलीत काही उरलं नव्हतं. माझ्या ताटलीत एक तुकडा होता, करपलेला. मी तो तोंडात टाकला आणि गालात धरला.

"माझं व्हायचंय अजून," मी म्हणाले. दाराला उद्देशून म्हणाले. तोंडात घास असताना बोलू नये, हेही तिनेच शिकवलेलं.

सावली हलली नाही.

आणि मग बाबांनी छाती धरली. "मला... दुखतंय गं," ते ताईला म्हणाले. "गाडीपर्यंत धरून ने. गोळी तिथे आहे."

आमचे बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांना जमतच नाही, कान लाल होतात. आत्ताही झाले होते. पण ताईला कान दिसले नाहीत. ती दाराकडे बघून एकदा थांबली, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. मग तिने बाबांच्या काखेत हात घातला. "चला. हळू. मी आहे."

पावलं बाहेर गेली. पायऱ्या. खडी. गाडीचं दार.

मी एकटी त्या टेबलाशी बसले होते. घास विरघळत चालला होता. मी तो जिभेने दाबून धरला होता, आणि लाळसुद्धा गिळत नव्हते. दोन हातांवर ते दार होतं. मला तिला हाक मारायची होती. खरंच. तिचा तो गार हात मलाही धरायचा होता. ताईने धरला, मी धरला नाही, हे मला आयुष्यभर सलणार आहे. पण मागच्या खोलीत एकाच माणसाची गादी होती, आणि ती कुणासाठी घातली होती, हे मला विचारायचं नव्हतं.

मी उठले, खुर्ची न सरकवता.

"ताटली राहू दे," मालकीणबाई म्हणाल्या, "त्या आवरतील."

अंगणातून जाताना मी खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं. चौथ्या खुर्चीत पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. ताटली रिकामी, हात मांडीवर. माझा घास अजून तोंडात होता, म्हणून असेल, वाढून घेत नव्हतं. ताठ बसून, मान किंचित कलती करून, कसला तरी आवाज ऐकायचा असल्यासारखं.

७

बाबांनी गाडी अशी काढली, की खडी उडाली. ताई पुढे त्यांच्याशेजारी, मी मागे.

"गोळी घेतली ना?" ताई त्यांना दोनदा म्हणाली. ते दोनदा "हो" म्हणाले. मग तिने मागे वळून मला विचारलं, "आली होती का गं? बाहेर?"

माझ्या तोंडात घास होता. मी नुसती मान हलवली. नाही.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पुढे वळली, डोकं काचेला टेकवलं आणि पोटावर हात ठेवून झोपी गेली. भरल्या पोटी माणूस झोपतो तशी, तोंड जरा उघडं टाकून. बाबांचा एक हात तिच्या डोक्यावर होता. वाफे संपले, चाकोऱ्या संपल्या, डांबरी रस्ता लागला. आकाशात अजून उजेड होता. सोमवारी वजन करू, मी मनात म्हणत होते. चाळीस तरी भरेल. भरती करावं लागणार नाही. तिला घेऊन आलो आपण. घेऊन आलो.

दुकानाच्या वळणावर गाडी उसळली, आणि मला कळलं की माझं तोंड रिकामं आहे. कधी गिळला, आठवेना. मी जीभ फिरवून पाहिली, गाल चाचपले. काही नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या पडद्यावर लाल दिवा लागला आणि गाडी टुंग टुंग करायला लागली. मागे कुणीतरी बसलंय आणि पट्टा लावला नाही, की ती तसं करते.

"पट्टा लाव," बाबा म्हणाले. "ताई उठेल."

"लावलाय, बाबा."

टुंग टुंग चालूच होतं. माझ्या शेजारच्या सीटवर माझी पर्सही नव्हती, ती माझ्या मांडीवर होती. मी मान वळवली नाही. डाव्या दंडाला गारवा लागत होता आणि ओल्या मातीचा वास येत होता.

आरशात बाबांचे डोळे माझ्यावरून शेजारच्या सीटवर गेले आणि तिथेच थांबले. गाडीचा वेग कमी झाला. मला वाटलं ते आता ओरडतील. पण त्यांनी ताईच्या डोक्यावरचा हात काढून चाकावर घेतला, नजर रस्त्यावर आणली, आणि झोपलेल्या माणसाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले,

"मग तिला लावून दे."